किनाऱ्यावर डिटेक्टर फिरवायला वाळूचा स्कूप कुठला घ्यावा? (पुण्याहून बाईकवर नेता येईल असा)

सिंहगडरोडवाला

नमस्कार मंडळी,

मेटल डिटेक्टर घेऊन झाला. मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, तीन तुकड्यांत सुटतो, सॅकमध्ये मावतो, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडलंय ते वाळू उकरायच्या स्कूपवर.

आमचा बेत ठरलेला. शनिवारी पहाटे निघायचं, ताम्हिणी उतरायचा, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर यातला जमेल तो किनारा गाठायचा आणि रविवारी रात्री घरी. बाईकवर दोघं, सौ.च्या पाठीला सॅक. सध्या बागकामाची खुरपी आणि प्लास्टिकची चाळण यावर भागवतोय, पण त्यात वेळ फार जातो. यंत्र वाजलं की वाळू उकरा, चाळणीत भरा, चाळा, काही नाही, परत यंत्र फिरवा, परत उकरा.

बाजारात तीन प्रकार दिसतात. प्लास्टिकचा हातस्कूप, स्टीलचा हातस्कूप, आणि छातीएवढ्या दांड्याचा, पायाने रेटायचा मोठा स्कूप. तिसरा बाहेरून मागवला तर वाहतूक आणि ड्युटी मिळून मूळ किमतीला लाजवतात, शिवाय बाईकवर तो भाल्यासारखा बांधून नेणार कोण? माझा कल स्टीलच्या हातस्कूपकडे आहे. गुडघे अजून शाबूत आहेत. भोकं किती मिमीची असावीत, आणि पुण्यात कोणी बनवून देईल का, हे सांगा.

पेठकर

आधी आजवर काय सापडलं ते जाहीर करा. मग ठरवू, स्कूप घ्यायचा की डिटेक्टर विकायचा.

सिंहगडरोडवाला

@पेठकर, बिअरची बुचं, दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं, चॉकलेटची चांदी, तंबूचे खिळे, रुपया-दोन रुपयांची नाणी. आणि एक चांदीचं जोडवं. ते तर चाळणीतून जवळजवळ निसटलंच होतं, तोंड उघडं असल्यामुळे एक टोक भोकात अडकून उभं लटकत होतं म्हणून दिसलं.

पेठकर

म्हणजे किनाऱ्याची झाडलोट करताय, तीही पेट्रोल स्वतःचं घालून. चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मचवा

धागा माझ्या आवडीचा निघाला म्हणून सविस्तर लिहितो.

स्कूप कुठला हे विचारण्याआधी कुठे उकरणार ते ठरवा. किनाऱ्याचे तीन भाग धरा. वरची कोरडी वाळू, म्हणजे सुरूच्या झाडांपासून भरतीच्या रेषेपर्यंत, जिथे माणसं चादरी टाकून बसतात, खिशातून नाणी सांडतात. मधली ओली वाळू, जी भरती-ओहोटीत झाकते आणि उघडते. आणि तिसरं, गुडघाभर पाणी.

कोरड्या वाळूत कुठलाही स्कूप चालतो. प्लास्टिकचाही. भरला, दोनदा हलवला, वाळू आपोआप गळून जाते. ओल्या वाळूत प्रकरण वेगळं. ती गळतच नाही. स्कूपमध्ये ढेकूळ होऊन बसते आणि तुम्ही मनगट दुखेपर्यंत हलवत राहता. तिला पाणी लागतं. येणाऱ्या लाटेत स्कूप बुडवायचा, एक हिसका द्यायचा, लाट परत जाताना वाळू घेऊन जाते. म्हणजे ओल्या भागात उकरायचं तर दर वेळी पाण्यापर्यंत चालत जायचं, नाहीतर बादली जवळ ठेवायची.

आता दागिने कुठे पडतात? पाण्यात. बोटं गार पाण्यात आकसतात, अंगठी सैल होते, त्यात लाटेचा तडाखा. पुण्या-मुंबईची मंडळी कमरेइतक्या पाण्यात उड्या मारतात, गळ्यातलं तिथेच जातं. तुम्हाला झाकणं आणि रुपये मिळतायत कारण तुम्ही कोरड्यातच फिरताय. पाण्यात उकरायचं तर हातस्कूप हातात धरून वाकायचं आणि नाकातोंडात लाट घ्यायची. माझं मत स्पष्ट आहे, लांब दांड्याचाच घ्या. सुटा होणारा दांडा असतो, बाईकचं निमित्त सांगू नका.

गुरुत्वमध्य

मचवा यांच्याशी ओल्या-कोरड्याबाबत सहमत, दांड्याबाबत नाही. पण आधी भोकांचं बघू, कारण धागाकर्त्याने तेच विचारलंय आणि तेच सोडून सगळं लिहिलं जाईल याची खात्री आहे.

सध्याचा रुपया २०-२२ मिमी व्यासाचा, दहाचं नाणं २७. पुरुषाची अंगठी बाहेरून वीस-बावीसच्या घरात. गोल भोक या व्यासापेक्षा लहान असेल तर अंगठी आडवी, उभी, तिरकी, कशीही आली तरी पार होत नाही. पण भोक लांबट, फटीसारखं असेल तर? अंगठीची जाडी तीन-चार मिमी. ती कडेवर उभी राहिली की फटीतून सरळ खाली. काही स्वस्त स्कूपांना अशा फटी असतात, पाणी लवकर निथळतं म्हणून. ते घेऊच नका. गोल भोक, नाहीतर षटकोनी.

नाणी-अंगठ्यांसाठी १० मिमी भोकही पुरतं. पण आपल्याकडचे दागिने लहान. कुडी, नथ, मंगळसूत्राच्या वाट्या, मुलांच्या बाळ्या. वाटी सेंटिमीटरच्या आसपासची. त्यामुळे ८ मिमी. त्याहून बारीक केलंत तर शिंपल्यांचा चुरा अडकून बसतो आणि निम्मा वेळ तो टाकण्यात जातो. तुटलेली बारीक साखळी मात्र कशातूनही निसटते, तिथे नजर हाच उपाय.

अजून एक. भोकं चौकोनी रांगेत न पाडता तिरकस मांडणीत पाडलेली जाळी घ्या. ८ मिमीची भोकं, मध्यापासून मध्यापर्यंत ११ मिमी, तिरकस मांडणी, म्हणजे पत्र्याचा जवळपास ४८ टक्के भाग उघडा. तेच चौकोनी रांगेत ४१-४२ टक्के. वाळू गळण्यात फरक जाणवतो.

वजनाचा हिशोब: १२ सेमी व्यास आणि १८ सेमी लांबीची टोपली दोन लिटरची होते. ओली वाळू लिटरला साधारण दोन किलो. म्हणजे दर वेळी चार किलो उचलायचं, अधिक स्कूप. एका हाताने, उकिडवं बसून. मोठा स्कूप १५ बाय २५ सेमी धरला तर चार लिटरच्या वर, म्हणजे पावणेनऊ किलो. तो पाण्यात हलका वाटतो, बाहेर वाळूवर नाही. लांब दांड्याच्या भक्तांनी हे लक्षात घ्यावं.

कोथरूडची_सुगरण

आमच्या ह्यांनी या सगळ्या गणिताच्या भानगडीत न पडता माझा बुंदीचा झारा उचलून हरिहरेश्वरला नेला. गोल भोकं, स्टील, लांब दांडा, सगळ्या अटी पूर्ण. झारा परत आला तो वाकून. सापडलं काय? किल्ली. आमच्याच कपाटाची, मागल्या खेपेला हरवलेली.

पेठकर

@सुगरण, मग यशस्वी मोहीम झाली की! धागाकर्त्यापेक्षा तुमचे हे पुढे आहेत.

अवांतर: दिवेआगरला जाताय तर सोन्याचा गणपती शोधायला जाताय असंच गाव समजणार. १९९७ ला तिथे नारळी-पोफळीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी निघाली होती, आत सोन्याचा मुखवटा. तेव्हा कोणाकडे डिटेक्टर नव्हता आणि स्कूपही नव्हता. एक फावडं पुरलं.

आळंदीकर

आणि २०१२ मध्ये तो चोरीला गेला, दरोडेखोरांनी वितळवला. मिळालेल्या सोन्याचा नवा मुखवटा करून २०२१ ला परत बसवला. आम्ही त्यानंतर गेलो होतो. दर्शन आणि रूपनारायणाची मूर्ती दोन्ही बघा. किनाऱ्यापेक्षा गाव सुंदर आहे.

निवृत्त_वकील

विषय निघालाच आहे तर कायद्याचं बोलतो. नंतर कोणी म्हणू नये की सांगितलं नाही.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये. १८७८ चे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा येतो. शिवराई सापडली म्हणून फोटो टाकून विकायला काढणाऱ्यांनी हे वाचावं. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो म्हणून तिथे यंत्र घेऊन फिरायचा मोह होतो. करू नका.

आणि हरवलेल्या दागिन्याचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, पूर्वीचं ४०३. त्यात उदाहरणंच दिली आहेत. रस्त्यात रुपया सापडला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली, मालक शोधण्याचा प्रयत्नही न करता लगेच विकली, तर गुन्हा आहे. तेव्हा तुमचे रुपये तुम्हाला लखलाभ, जोडव्याचं काय केलंत?

सिंहगडरोडवाला

@निवृत्त_वकील, ज्यांच्या घरी उतरतो त्या काकूंकडे दिलं. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो गेला. अजून कोणी आलं नाही. काकूंनी देव्हाऱ्यात ठेवलंय.

श्रीवर्धनी_सुपारी

किनाऱ्यावरची माणसं तुमच्याकडे कशी बघतात ते आमच्याकडून ऐका. १९९३ ला आरडीएक्स उतरलं ते शेखाडीला, श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या मधल्या गावात. त्यानंतर सागरी पोलीस, गस्त, चौकशा हे सगळं आमच्या रोजच्या जगण्यात आलं. अनोळखी माणूस संध्याकाळी कानाला हेडफोन लावून यंत्र फिरवतोय आणि खड्डे खणतोय म्हटल्यावर कोणीतरी फोन करणारच. करायलाच हवा. तेव्हा आल्याबरोबर ग्रामपंचायतीत किंवा चौकीत सांगून ठेवा. ओळखपत्र खिशात. रात्री नको.

दुसरं म्हणजे कासवं. हरिहरेश्वर, दिवेआगर, पलीकडे वेळास, आंजर्ले, सगळीकडे ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. नोव्हेंबर ते मार्च हा घालण्याचा हंगाम, त्यानंतर मे महिन्यापर्यंत पिल्लं निघतात. घरटं भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत, दीडएक फूट खोल. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. कुंपण दिसलं तर लांब राहा, आणि न दिसलेलं घरटंही असू शकतं हे लक्षात ठेवा. त्या दिवसांत वरच्या वाळूत उकरूच नका, खाली ओल्यात जा.

आणि तिसरं, खड्डे बुजवा. पिल्लू पडलं तर बाहेर येत नाही. घोडागाडीचा घोडा पाय मोडून घेतो. शहरातले लोक हे का विसरतात कळत नाही. वाळूचा खड्डा बुजवायला काय दोन सेकंद लागतात.

मचवा

+१ सुपारी. शेवटच्या मुद्द्याला तर +१०.

दोरीवर_चुंबक

डिटेक्टर, स्कूप, दांडा, कायदा, कासव... इतका व्याप कशाला? आमच्या नाशकात रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून दिवसाला जेवढे पैसे काढतात तेवढे तुम्ही वर्षात काढणार नाही. चंद्रभागेतही तेच. रुपया, दोन रुपये चुंबकाला झक्कास चिकटतात.

गुरुत्वमध्य

@दोरीवर_चुंबक, चिकटतात कारण ती फेरिटिक स्टेनलेस स्टीलची आहेत, म्हणजे बहुतांश लोखंड आणि बाकी क्रोमियम. सोनं-चांदी चिकटत नाही, हा तुमच्या पद्धतीचा छोटासा दोष.

पण यातून धागाकर्त्याच्या कामाची गोष्ट निघते. परदेशी व्हिडिओ बघून लोक यंत्रावर 'लोखंड नको' असं लावून फिरतात. तिकडची बरीचशी नाणी तांब्या-निकेलची, त्यांना ते परवडतं. आपल्याकडे तसं केलंत तर रुपयेही गेले आणि खिळेही. उलट बाजूला सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचं झाकण बऱ्याचदा यंत्राच्या पडद्यावर एकाच आकड्यावर वाजतात. म्हणजे झाकणं टाळायची म्हटलं तर सोनंही टाळलं. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर जवळपास प्रत्येक आवाज उकरावा लागतो. आणि प्रत्येक आवाज उकरायचा म्हणजे यंत्रापेक्षा स्कूप जास्त राबतो. माझ्या मते लोक पैसे उलट्या ठिकाणी खर्च करतात.

पेठकर

म्हणजे निष्कर्ष: भरपूर झाकणं उकरायला उत्तम स्कूप घ्या. छान.

गुहागरची_आजी

मुलांनो, भरती-ओहोटीचं कोणीच बोललं नाही. मोबाईलमध्ये बघता का? आमच्या वेळी तिथीला पाऊणने गुणायचे की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, मग ओहोटी साडेपाचच्या सुमारास, पहाटे आणि संध्याकाळी. उधाणाचे दिवस ते. जितकं पाणी वर चढतं तितकंच आत जातं, एरवी न दिसणारी वाळू उघडी पडते. अष्टमीच्या भांगाला जाऊन काही उपयोग नाही, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

सिंहगडरोडवाला

आजी, दंडवत. ॲपमधल्या आकड्यांशी ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने जमतं. आता सुट्टी तिथी बघून टाकतो.

कोथरूडची_सुगरण

ऑफिसात सांगा, 'अमावास्या आहे, येत नाही.' लोक वेगळाच अर्थ काढतील.

मिऱ्याबंदर

रत्नागिरीकडे येणार असाल तर आधीच सांगतो. आमच्याकडे मिऱ्या, काळबादेवी भागात काळी वाळू आहे, इल्मेनाइट-मॅग्नेटाइटवाली. स्पीकरचं चुंबक वाळूत फिरवलं तर त्याला काळ्या मिश्या येतात. ती वाळू आणि खारं पाणी एकत्र आलं की साधी एका फ्रिक्वेन्सीची यंत्रं नुसती कोकलतात. मल्टी-फ्रिक्वेन्सी बरी पडते, पण संवेदनशीलता कमी करावीच लागते.

आणि उन्हाळ्यात येऊन काही हाती लागत नाही. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो, ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून भरतो. जड वस्तू खाली असतात, वरचा थर गेला की त्या हाताशी येतात. पाऊस सरत आला की या, गणपती झाल्यावर. मे महिन्यात त्याच वस्तू दोन-तीन फूट वाळूखाली असतात.

नवशिका_००७

प्लास्टिकचा स्कूप कोणी वापरलाय का? हलका आहे आणि यंत्र त्याला वाजत नाही, हा फायदा नाही का?

मचवा

आहे. कोरड्या वाळूत बसून उकरताना स्कूप भरायचा आणि तो यंत्राच्या चकतीवरून फिरवायचा. वाजला तर वस्तू आत आली, नाही वाजला तर सगळी वाळू टाकून द्या, चाळायची गरज नाही. स्टीलच्या स्कूपने हे करता येत नाही, तो स्वतःच बोंबलतो. टायटॅनियमही वाजतं, धातू तो धातूच. पण दाबलेल्या ओल्या वाळूत प्लास्टिकचा ओठ वाकतो, मग चिरतो. थंडीच्या पहाटे तर पटकन.

भोसरी_फॅब्रिकेटर

उशिरा आलो, पण कामाचं बोलतो. असली कामं मी करतो, मात्र इथे जाहिरात करणार नाही, ॲडमिन रागावतात.

पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. समुद्रासाठी ३१६ उत्तम, त्यात मॉलिब्डेनम असतं, पण ३१६ ची भोकाची जाळी सुट्या तुकड्यात सहज मिळत नाही, पूर्ण शीट घ्यावी लागते. ३०४ ला मिठाचे तपकिरी डाग पडतात, ते वरवरचे. दर खेपेला घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवा, वर्षानुवर्षं टिकतो. बाजारात ३०४ म्हणून २०२ गळ्यात मारणारे खूप आहेत. लोक चुंबक लावून बघतात, त्याने काही कळत नाही. २०२ ही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ जिथे वाकवलंय तिथे थोडं ओढलं जातं आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. २०२ मध्ये मॅंगनीज जास्त, ते ओळखणारं थेंबाचं औषध मिळतं, चांगल्या दुकानदाराकडे ते असतं. त्याला आपल्यासमोर टाकायला लावा.

जाडी दीड मिमी. हातस्कूपला त्याहून जाड नको, त्याहून पातळ केला तर दगडावर आपटून चेमटतो. जोड आरगॉन वेल्डिंगने. साध्या वेल्डिंगने केला तर पहिल्या पावसात जोडावर गंज.

आणि लोक दांड्यासाठी ॲल्युमिनियमचा पाइप आणतात, हलका म्हणून, आणि त्यात स्टीलचे बोल्ट ठोकतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वर्षभरात पांढरी पूड धरून बोल्ट असा बसतो की दांडा सुटा होणं विसरा. मग बाईकवर न्या भाला.

सिंहगडरोडवाला

@फॅब्रिकेटर, शंभर टक्के कामाची माहिती. @मचवा, तुमचा मुद्दाही पटतोय, पण गाडीचा प्रश्न राहतोच.

एक विचार आला. हातस्कूपलाच मागे नळी जोडली तर? म्हणजे एरवी आखूड मूठ, आणि पाण्यात जायचं असेल तेव्हा मूठ काढून त्या जागी लांब दांडा.

मचवा

दांडा न्यायचाच कशाला? श्रीवर्धनच्या बाजारात फावड्याचा लाकडी दांडा मिळतो. नळी त्याच मापाची करून घ्या. ज्या काकूंकडे उतरता त्यांच्याकडेच दांडा ठेवून द्या. पुण्याहून फक्त टोपली.

पण लक्षात घ्या, दोन लिटरच्या टोपलीला लांब दांडा लावून पाण्यात फार मजा नाही. पायाने रेटायला मागे पट्टी हवी. वाळू खालून भरते तेव्हा वस्तू टोपलीच्या मागच्या बाजूने निसटते, एका दणक्यात खोल जायला हवं. मी अजूनही म्हणतो, मोठाच घ्या.

गुरुत्वमध्य

मोठा घेतला तर ते गुडघ्यावर बसून कोरड्यात वापरणार नाहीत, आणि पहिलं वर्ष ते कोरड्यातच असणार. नळीची कल्पना चांगली आहे. लाकूड भिजून फुगतं, तेव्हा नळीत दांडा सैल बसवा आणि आरपार एक बोल्ट, विंग नटसह. नळीच्या तोंडाशी एक फट ठेवा, वाळू बाहेर पडायला.

श्रीवर्धनी_सुपारी

दांडे आमच्याकडे मिळतात, बाजारपेठेत. सागाचा मागू नका, बाभळीचा घ्या.

नवशिका_००७

या धाग्यावरून मीही एक करून घेणार. कोणी माप टाकेल का?

सिंहगडरोडवाला

@नवशिका, मी हे सांगायचं ठरवलंय, कोणाला काही खटकलं तर बोला: ३०४ चा दीड मिमी पत्रा, १२ सेमी व्यास, १८ सेमी लांब, ८ मिमी गोल भोकं ११ मिमीवर तिरकस. पुढचा ओठ तिरपा कापलेला. मागे स्टीलची नळी, फावड्याच्या दांड्याच्या मापाची, आणि तीत बसणारी वीतभर मूठ. पायपट्टी सध्या नको. प्लास्टिकचा एक स्वस्त स्कूप कोरड्या वाळूसाठी वेगळा, चकतीवरून फिरवायला. बुधवारी-गुरुवारी रजा आहे, तेव्हा भोसरीला जाऊन देतो.

मचवा

पायपट्टी 'सध्या नको' म्हणताय तर निदान ती नंतर जोडता येईल इतकी कोरी जागा मागच्या कडेला सोडायला सांगा. डिसेंबरात तुम्हीच लावून घ्याल.

भोसरी_फॅब्रिकेटर

माप ठीक आहे. दोन गोष्टी सांगून ठेवा, नाहीतर कारागीर आपल्या सोयीने करतो. ओठाच्या बाजूला चार सेमी पट्टी बिनभोकाची हवी. जाळी भोकांच्या मधून कापली तर ओठाला करवतीसारखे दाते येतात, बोटं फाटतात आणि तिथूनच पत्रा चिरतो. दुसरं, आतल्या बाजूची वेल्डिंग घासून घ्या, नाहीतर साखळी तिथे अडकून बसते आणि बाहेरून दिसत नाही.

आणि बुधवारीच जा. गुरुवारी भोसरी बंद असते.